‘जुगार’, ‘खेळ’ आणि ‘कौशल्य’ : ऑनलाइन जुगाराच्या वैधीकरणाची परिभाषा

ऑनलाइन जुगारास कायद्याची मान्यता देऊन त्याचे नियमन करावे, असा पक्ष आपल्या देशात गेली काही वर्षे आग्रहाने मांडला जात आहे. २०१८ च्या जुलैमध्ये प्रसिद्ध झालेला विधि आयोगाचा २७६ वा अहवाल आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात श्री. शशी थरूर यांनी लोकसभेत मांडलेले खासगी विधेयक, हे या वादातील दोन प्रमुख लेख होत. पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. तथापि बंदीपेक्षा नियमन बरे, हा युक्तिवाद तेवढ्याने निकालात निघाला असे नव्हे. त्याच्या अर्थकारणाचा विचार त्या शास्त्राच्या अभ्यासकांनी करावा. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषा हा आहे; आणि त्याचे म्हणणे असे की, या प्रस्तावांत जे सिद्ध करावयाचे तेच शब्दांच्या निवडीने अगोदर गृहीत धरलेले आहे.

थरूर यांचे विधेयक क्रीडास्पर्धांवरील ऑनलाइन पैजांचे नियमन करू पाहणारे होते. पण त्याच्या शीर्षकात पैज नाही, जुगारही नाही. आहे ते ‘गेमिंग’. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत हा शब्द मुळीच निरुपद्रवी नव्हे. १८४५ च्या तेथील ‘गेमिंग ॲक्ट’मध्ये त्याचा अर्थ पैसे लावून खेळणे असाच आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत संगणकावरील खेळांमुळे त्यास दुसरा, निर्दोष अर्थ चिकटला, आणि आज एकाच शब्दाच्या छत्राखाली लहान मुलाचा खेळ व सट्टेबाजाचा धंदा शेजारीशेजारी बसले आहेत. मराठीत तो ‘ऑनलाइन खेळ’ होऊन आला की जुना अर्थ गळून पडतो व केवळ निर्दोष अर्थ तेवढा उरतो. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने वसतिगृहाचे पैसे मोबाइलवरील रमीत घालविले. विचारले असता, ‘मी जुगार खेळलो नाही, गेम खेळलो,’ असे तो म्हणाला. तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या कोशात ते दोन निराळे शब्द होते.

वैधीकरणाच्या पक्षाचा खरा आधारस्तंभ मात्र ‘कौशल्य’ हा शब्द होय. त्याची न्यायालयीन कसोटी लागली ती, गंमत अशी की, एका शब्दकोड्यावरून. मुंबई राज्याच्या १९४८ च्या लॉटरी व बक्षीस-स्पर्धा कायद्यासंबंधीच्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली निकाल दिला की, ज्या स्पर्धेतील यश पुष्कळ अंशी कौशल्यावर अवलंबून नाही ती जुगारच होय. कोडे सोडविण्यास शब्दज्ञान लागते हे खरे; परंतु बक्षीस मिळावयाचे ते चालकांनी अगोदर ठरविलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळले तर. १९६७ मध्ये त्याच न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरविला : पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात, कोणते पान राखावे व कोणते टाकावे याचा विवेक करावा लागतो. ऑनलाइन रमीचे सर्व समर्थक या निकालाकडे बोट दाखवीत आले आहेत. परंतु त्याच निकालात पुढे असेही म्हटले आहे की, पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक वा क्लब नफा मिळवीत असल्याचा पुरावा असेल तर गुन्हा सिद्ध होऊ शकेल. प्रत्येक डावामागे आपला वाटा कापून घेणाऱ्या कंपनीस हे वाक्य किती अडचणीचे आहे, हे सांगावयास नको. अर्धे वाक्य उद्धृत करणे हा पाठचिकित्सेत दोष मानला जातो. वकिलीत तो गुण असावा.

सामान्य मराठी भाषकाने ही कौशल्याची मीमांसा आपल्या क्रियापदांत फार पूर्वीच केलेली आहे. लॉटरी ‘लागते’, मटक्याचा आकडा ‘लागतो’, शर्यतीत घोडाही ‘लागतो’. या प्रयोगांत पैसे लावणारा कर्ता नाही; कर्तेपण तिकिटाकडे, आकड्याकडे, घोड्याकडे गेले आहे. बुद्धिबळाचा डाव मात्र कोणासही ‘लागत’ नाही. तो जिंकावा वा हरावा लागतो. पत्त्यांत पाने ‘येतात’ आणि ती आपण ‘जुळवतो’ : पहिले क्रियापद दैवाचे, दुसरे खेळणाऱ्याचे. म्हणजे रमीत दोन्ही अंश आहेत, हे न्यायालयाइतकेच भाषेलाही ठाऊक आहे. परंतु ज्यावरून घरे बुडतात तो अंश या दोहोंपैकी कोणताच नव्हे. तो लावलेला पैसा होय. कौशल्याने खेळणारा माणूसही प्रत्येक डावास कापला जाणारा वाटा देतच असतो. २०२५ च्या कायद्याने व्याख्येतून कौशल्य आणि दैव हा भेदच वगळला व केवळ पैसा लावणे हे लक्षण ठेवले. त्या कायद्याच्या इतर कलमांविषयी मतभेदास जागा आहे. ही व्याख्या मात्र अर्थदृष्ट्या स्वच्छ आहे.

विधि आयोगाच्या अहवालाविषयी असे म्हणता येत नाही. नियमन करावयाचेच झाले तर जुगाराचे दोन वर्ग पाडावेत, असे तो सुचवितो : ‘प्रॉपर’ आणि ‘स्मॉल’. पहिला अधिक उत्पन्नाच्या लोकांसाठी, मोठ्या रकमांचा. दुसरा अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी, लहान रकमांचा. ‘लहान’चा विरुद्धार्थी शब्द ‘मोठा’, ‘रास्त’ नव्हे, हे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यासही कळते. मोठ्या रकमेच्या जुगारास रास्तपणाचे विशेषण बहाल करताना आयोगास श्रीमंती आणि औचित्य यांची गल्लत जाणवली नाही, याचे नवल वाटते. शिवाय शासकीय अनुदान घेणाऱ्यांस आणि आयकर व वस्तू-सेवा कर कायद्यांच्या कक्षेत न येणाऱ्यांस जुगारापासून दूर ठेवावे, अशीही त्याची सूचना आहे. मग तो ‘लहान’ जुगार खेळावयास नेमके कोण उरते? अहवाल प्रसिद्ध होताच तो वैधीकरणाची शिफारस म्हणून गाजला, आणि सद्यःस्थितीत वैधीकरण इष्ट नाही, पूर्ण बंदी अशक्य ठरली तरच नियमन, असा खुलासा आयोगास करावा लागला. सारा भार एका ‘जर’वर होता आणि तोच वाचकांच्या नजरेतून निसटला. हा दोष वाचकांचा जितका, तितकाच लेखनाचाही आहे.

नियमनाची कल्पना मुळात त्याज्य आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. आपल्या परंपरेत दोन्ही पक्ष आहेत. मनुस्मृतीने निर्जीव साधनांनी खेळावयाचे ते द्यूत व सजीव प्राण्यांवर पैज लावावयाची तो समाह्वय, असा भेद करून राजाने दोन्ही राज्यातून हद्दपार करावीत असे सांगितले. कौटिल्याने उलट मार्ग धरला. खेळ एकाच ठिकाणी चालवावा, अन्यत्र खेळणाऱ्यास बारा पण दंड करावा, फासे राज्याच्या अधिकाऱ्याने पुरवावेत, आणि जिंकलेल्या द्रव्यातून शेकडा पाच घ्यावेत. एकत्र खेळविण्याचा हेतूही तो लपवीत नाही : चोरटे धंदे करणारे त्यामुळे सापडतात. या व्यवस्थेवरील अधिकाऱ्यास त्याने द्यूताध्यक्ष म्हटले आहे. थरूर यांच्या विधेयकातील नियामक मंडळाचे नाव ‘ऑनलाइन स्पोर्ट्स गेमिंग कमिशन’ असे होते. पुढेमागे असे विधेयक पुन्हा आले आणि त्याचा मराठी पाठ तयार करण्याचे काम भाषा-संचालनालयाकडे गेले, तर तेथील अनुवादकांनी ‘गेमिंग’ला ‘खेळ’ लिहिण्यापूर्वी व्याख्येचे कलम एकदा वाचून पाहावे.