एकवीसपैकी पाच

बायकांच्या लघवी गळण्यावर सिनॉप्सिस लिहायचं ठरलं की साधन म्हणून एकच नाव पुढे येतं: आयसीआयक्यू-यूआय शॉर्ट फॉर्म. 2004 साली प्रसिद्ध झालेली, छोटी, जगभर वापरली जाणारी प्रश्नावली. गाईडही हरकत घेत नाहीत. गुण देणारे प्रश्न तीनच: किती वेळा गळते (0 ते 5), किती गळते (0 ते 6), रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो (0 ते 10). एकूण 21. चौथा प्रश्न 'कधी गळते' हे विचारतो, त्याला गुण नाहीत. सगळं मागच्या चार आठवड्यांबद्दल.

साधन वाईट नाही. पण मुखेड किंवा औशाकडच्या शेतमजूर बाईपुढे ते ठेवून बघा. सोयाबीनच्या काढणीत दिवसभर आडोसा मिळत नाही, म्हणून ती सकाळपासून पाणीच बेताचं पिते. एसटीने नांदेडहून लातूरला जायचं असेल तर निघायच्या आधी घोटभरही नाही. म्हणजे गळण्याचे प्रसंग तिने स्वतःच कमी करून टाकलेत. ती सांगणार, आठवड्यातून एखाद्या वेळी (1 गुण), थोडीशीच (2 गुण). अडथळा? 'आता सवय झाली', म्हणून 2. बेरीज 5. रूढ वर्गवारीत 1 ते 5 म्हणजे 'सौम्य'. तहान मारून जगणारी बाई आपल्या तक्त्यात सौम्य गटात जाऊन बसते, आणि प्रबंधात वाक्य येतं की 'बहुतांश स्त्रियांमध्ये तीव्रता कमी आढळली'. माझा मुख्य आक्षेप हाच आहे. ही प्रश्नावली गळणं मोजते. गळू नये म्हणून बाईने काय काय सोडलं, ते तिच्या हाती लागत नाही.

चौथ्या प्रश्नातला एक पर्याय आहे: शौचालयात पोचण्याआधीच गळते. हे उत्तर आलं की आपण 'घाईची लघवी' असं लिहून मोकळे होतो. पण शौचालय शेतापासून दोन किलोमीटरवर असेल तर दोष मूत्राशयाचा की अंतराचा?

भाषेचा घोळ वेगळाच. 'लघवीचा त्रास आहे का?' असं विचारलं तर बाईच्या मनात उन्हाळी लागणं, जळजळ येते, आणि ती 'नाही' म्हणते. आपण पुढचा प्रश्न घेतो. पुस्तकी 'मूत्र असंयम' तर ऐकवतच नाही. असंयम हा शब्द आपल्याकडे वागणुकीतला दोष दाखवतो. स्ट्रेसचं भाषांतर 'ताण' केलं तर उत्तर मिळतं, 'मला कसलं टेन्शन नाही हो'. 'खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी निसटते का?' असं सरळ विचारा.

तपासणीतही फसगत होते. आतून तपासायच्या आधी बाईला लघवी करून यायला सांगतात. ते बरोबरच आहे, पण त्याच रिकाम्या मूत्राशयावर खोकून घेतलं आणि गळलं नाही म्हणून 'निगेटिव्ह' लिहिलं, तर त्या नोंदीला अर्थ नाही. खोकल्याची चाचणी आधी, मूत्राशय भरलेलं असताना घ्यायची.

नुसत्या विचारण्यावर भागत नाही, हे आपल्याच राज्यात दिसलंय. राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास 1989 मध्ये लॅन्सेटमध्ये आला. दोन गावांतल्या 650 बायकांपैकी तक्रार सांगणाऱ्या 55 टक्के होत्या, तपासणीत एखादा तरी आजार निघाला 92 टक्के जणींमध्ये. आधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के. प्रत्येक पेटवाल्याने हा पेपर वाचावा. मात्र त्याचा धडा इथे जसाच्या तसा लावता येत नाही. आंतरराष्ट्रीय कॉन्टिनन्स सोसायटीच्या 2002 च्या व्याख्येत लघवी गळणं म्हणजे मुळात बाईची तक्रार. तपासणीत दिसलंच पाहिजे ही जुनी अट तिथे काढून टाकली. म्हणून प्रश्नाचे शब्द चुकले तर नुसती तपासणी आपल्याला वाचवणार नाही.

माझ्या मते गुणांआधी चार गोष्टी विचाराव्यात: दिवसात पाणी किती पिता, लघवीला कुठे जाता, अंग बाहेर येतं का, पिशवी काढली आहे का. शेवटचा प्रश्न मराठवाड्यात टाळूच नका. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांवर 2019 मध्ये राज्याला समिती नेमावी लागली होती. हे प्रश्न वेगळ्या पानावर ठेवा. मूळ प्रश्नावलीचे शब्द परस्पर बदलता येत नाहीत, त्यासाठी आयसीआयक्यू गटाची परवानगी लागते. तो ईमेल सिनॉप्सिस जमा करण्याच्या आधी टाका, नंतर नाही.