श्रम, व्यायाम आणि आरोग्यातील विषमता

जेरी मॉरिस व त्यांचे सहकारी यांचा लंडनच्या बसकर्मचाऱ्यांविषयीचा अभ्यास १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. बसून काम करणाऱ्या चालकांच्या मानाने दुमजली बसचे जिने चढणाऱ्या वाहकांत हृद्रोग कमी, हा त्याचा निष्कर्ष होय. दोघेही जवळजवळ एकाच सामाजिक स्तरातले. म्हणूनच ही तुलना मोलाची ठरली. तथापि, तरुण चालकांचीही कंबर वाहकांहून मोठी असल्याचे मॉरिस यांनीच १९५६ साली गणवेशांच्या मापांवरून दाखविले, आणि मूळच्या शरीरभेदाचा प्रश्न उपस्थित झाला.

या अभ्यासाच्या आधारे व्यायामाचा सरसकट उपदेश करणारे एक गोष्ट विसरतात. ज्या तुलनेत वर्गभेद जवळजवळ नाहीच, तीतून वर्गावर्गांतील विषमतेचा उलगडा व्हावयाचा कसा? मॉरिस ज्या समितीचे सदस्य होते, त्या समितीच्या १९८० च्या ब्लॅक अहवालाने या विषमतेचे मूळ मुख्यत्वे भौतिक परिस्थितीत शोधले. वाहकाचे जिने चढणे हा नोकरीचाच भाग होता. फुरसतीच्या व्यायामास मात्र वेळ, जागा आणि शिल्लक उरलेली शक्ती लागते. व्यायामाचे मोल नाकारावयाचे नाही. परंतु तो कोणाला परवडतो, हे आधी विचारले पाहिजे.