वापरणाऱ्याचा शोध आणि वापरणाऱ्याचा शब्द

संकेतस्थळ असो वा मोबाइलवरील अ‍ॅप, ते ज्यांच्यासाठी घडवावयाचे त्यांची ओळख रचनेपूर्वीच करून घेतली पाहिजे, हे तत्त्व आज कोणी नाकारीत नाही. जॉन गूल्ड व क्लेटन लुइस यांनी १९८५ साली ते तीन सूत्रांत मांडले: वापरणारे व त्यांची कामे यांकडे प्रारंभापासून लक्ष, प्रत्यक्ष वापराचे मोजमाप, आणि आढळलेल्या दोषांनुसार पुनःपुन्हा फेररचना. ही सूत्रे ऐकली की ती उघडच आहेत असे रचनाकारांस वाटते. परंतु आपल्या कामाचे टप्पे त्यांनाच लिहावयास सांगितले असता त्यांत ती सर्व क्वचितच उतरतात, हेही या लेखकद्वयाने दाखवून दिले. तेव्हा वाद तत्त्वाचा नसून पद्धतीचा आहे. प्रचलित पद्धतीत वापरणाऱ्याचे वय, व्यवसाय व हेतू यांची नोंद होते, पण त्याची भाषा निसटते. मराठीत ही उणीव विशेष जाणवते, असे दाखविण्याचा येथे हेतू आहे.

या पद्धतीतील सर्वांत लोकप्रिय साधन म्हणजे ‘पर्सोना’, अर्थात संशोधनाच्या आधारे रचलेले कल्पित व्यक्तिचित्र. अ‍ॅलन कूपर यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात त्याचा पुरस्कार केला. ‘वापरणारा’ हा मोघम शब्द रचनाकार आपल्या सोयीप्रमाणे हवा तसा ताणतो. त्याऐवजी एक निश्चित माणूस डोळ्यांसमोर असला म्हणजे ही ओढाताण थांबते, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो रास्त आहे, आणि या साधनाचे मोल त्यामुळेच आहे. परंतु अशी व्यक्तिचित्रे वाचू लागल्यावर एक गोष्ट लक्षात येते. त्यांतील माणसाला नाव असते, कुटुंब असते, अडचणी असतात. वाणी मात्र नसते. तो जेथे बोलतो तेथे रचनाकाराच्याच भाषेत बोलतो.

ही त्रुटी किरकोळ नाही, याचा पुरावा कूपर यांच्या ग्रंथापूर्वीच उपलब्ध होता. जॉर्ज फर्नास, थॉमस लँडॉवर, लुइस गोमेझ व सुसान ड्युमे यांनी १९८७ साली एका निबंधात संगणकाशी होणाऱ्या व्यवहारातील शब्दांचा प्रश्न तपासला. मजकुराच्या संपादनापासून पाककृतींच्या वर्गवारीपर्यंत पाच निरनिराळ्या क्षेत्रांत त्यांनी लोकांना वस्तूंची व क्रियांची नावे सुचवावयास सांगितली. एकाच गोष्टीसाठी दोन माणसांनी आपण होऊन एकच शब्द निवडण्याची शक्यता प्रत्येक क्षेत्रात ०.२० हून कमी निघाली. म्हणजे रचनाकाराला जो शब्द ‘साहजिक’ वाटतो तो पाचांतील चौघांना तरी सुचतच नाही. तज्ज्ञाची निवडही या नियमाला फारसा अपवाद ठरत नाही. तात्पर्य, नावे ठेवण्याचे काम केवळ विचाराने साधणारे नव्हे. त्यासाठी शब्द लोकांकडूनच गोळा केले पाहिजेत.

मराठीतील एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू केली. पूर्वी तलाठ्याने करावयाची पिकाची नोंद आता शेतकऱ्याने स्वतः, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करावी अशी ही योजना. अशा कामासाठी कोणी अ‍ॅप रचावयास घेतले, तर पिकांची यादी कोणत्या नावांनी करावी, हा पहिलाच प्रश्न उभा राहतो. जो ‘हरभरा’ म्हणतो तो यादीत ‘ह’पाशी शोधील, जो ‘चणा’ म्हणतो तो ‘च’पाशी. शेतात उभी असते ती ‘कपाशी’, आणि वेचून घरी येतो तो ‘कापूस’. ‘ज्वारी’ हा छापील शब्द. ‘जोंधळा’ हा अनेकांच्या तोंडचा. आपला शब्द यादीत न सापडलेला माणूस, यादी सदोष आहे असे समजत नाही. आपल्यालाच हे जमत नाही असे समजतो. आणि पिकाची नोंद राहिली, तर पुढे नुकसानीच्या प्रसंगी कागद त्याच्या बाजूने बोलत नाही. एका शब्दाचा हा परिणाम आहे.

फर्नास प्रभृतींनी यावर उपाय सुचविला तो असा, की एका गोष्टीची शक्य तितकी सर्व नावे यंत्राने ओळखावीत. शोधासाठी हा उपाय उत्तम आहे. तथापि त्याला दोन मर्यादा आहेत. पहिली ही, की पर्यायी वाटणारे शब्द नेहमी समानार्थी नसतात. ‘शाळू’ म्हणजे ज्वारीच, परंतु रब्बीची. ‘शाळू’ म्हणणाऱ्याला नुसत्या ‘ज्वारी’कडे नेले तर हंगामाची माहिती हरवते. दुसरी मर्यादा अशी, की शोधाच्या चौकटीला शंभर नावे कळू शकतात, पण बटणावर एकच नाव मावते. अर्ज रद्द करावयाचा आहे काय, असे विचारणाऱ्या खिडकीत ‘रद्द करा’ असे बटण असले, तर ते दाबल्याने अर्ज रद्द होणार की ही पृच्छा, हे कसे ठरवावे? येथे अधिक पर्याय देऊन भागत नाही. ‘अर्ज राहू द्या’ असे पूर्ण वाक्य लिहावे लागते. ‘जतन करा’ याचीही तीच कथा. मराठीत जतन करतात ते ठेवा, वारसा, जुनी कागदपत्रे. नुकताच भरलेला रकाना कोणी ‘जतन’ करीत नाही. पुष्कळ लोक सरळ ‘सेव्ह’ म्हणतात, आणि तो शब्दही आता मराठी व्यवहारातलाच आहे. उलट ‘सातबारा’ पाहा. गाव नमुना सात व बारा या कोरड्या क्रमांकांतून लोकांनी घडविलेला हा शब्द कोणत्याही समितीच्या शब्दापेक्षा अधिक रुजला आहे.

मग हे शब्द मिळवावे कसे? मुलाखतीत विचारावे, हे सोपे उत्तर अपुरे आहे. भाषाभ्यासकांना ही अडचण चांगली परिचित आहे: निरीक्षण होत नसताना माणसे कशी बोलतात हे आपल्याला हवे असते, आणि ते निरीक्षणानेच मिळवावे लागते. विल्यम लबॉव्ह यांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत, चौथ्या मजल्यावर मिळणाऱ्या वस्तूंची चौकशी केली आणि विक्रेत्यांच्या उत्तरांतील उच्चार टिपले. बोलणाऱ्याचे लक्ष भाषेकडे नव्हते, कामाकडे होते. न सांगता केलेली अशी नोंद अ‍ॅपच्या रचनेसाठी योग्य होणार नाही. पण त्यातील मर्म घेता येते. वही घेऊन आलेल्या शहरी माणसाने ‘याला तुम्ही काय म्हणता?’ असे विचारले, की उत्तर पुस्तकी येते. त्याऐवजी संमती घेऊन काम द्यावे: शेजाऱ्याला फोनवरून ही नोंद कशी करावयाची ते समजावून सांगा. समजावताना जे शब्द येतील ते खरे.

संख्येविषयीही एक गैरसमज आहे. पाच माणसांवर चाचणी घेतली म्हणजे पुरे, असे याकोब नील्सेन यांच्या २००० सालच्या लेखाच्या आधारे सर्रास सांगितले जाते. तो हिशेब मांडणीतील दोष शोधण्याचा आहे, आणि वापरणाऱ्यांचे गट भिन्न असतील तर प्रत्येक गटातून माणसे घ्यावीत, असे त्याच लेखात म्हटले आहे. शब्दांच्या बाबतीत हे गट वयाने किंवा उत्पन्नाने पडत नाहीत. ते प्रदेशाने, व्यवसायाने आणि शाळेशी आलेल्या संबंधाने पडतात. पुण्यातील पाच माणसे विदर्भातील अथवा कोकणातील शब्दांची साक्ष देऊ शकत नाहीत.

यावरून व्यक्तिचित्रे टाकून द्यावीत असे निष्पन्न होत नाही. त्यांच्याबरोबर प्रत्येक गटाची एक शब्दनोंद असावी, एवढीच मागणी आहे: कोणत्या कामाच्या वेळी कोणता शब्द आला, किती जणांकडून आला, आणि छापील शब्द पाहिल्यावर त्यांना त्याचा काय अर्थ लागला. यांतील शेवटची नोंद विसरता कामा नये, कारण आपण न बोललेले पुष्कळ शब्द आपल्याला समजतात. ही नोंद घेण्याचे शिक्षण मराठीच्या व भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला मिळालेले असते; रचनाकाराला ते सहसा नसते. भाषाविभागांनी हे काम आपले मानले नाही, तर मराठी पडदे अनुवादाच्याच मराठीत बोलत राहतील, आणि ते न समजल्याचा दोष वाचणाऱ्याच्या माथी येत राहील.