रेखाचित्र : शोभा की साधन?
ग्रिफिथ्सकृत अजिंठा-ग्रंथाचे परीक्षण

एखाद्या पत्रावरील शिक्का अस्सल की बनावट, यावर चार-चार बैठकी वाद घालणारे आम्ही संशोधक चित्रापाशी आलो म्हणजे एकाएकी उदार होतो. चित्र सुबक असले की ते विश्वसनीय, असा न्याय आमच्यात मुकाट्याने रूढ झाला आहे. हा न्याय सोडून चित्रासही कागदाप्रमाणेच उलटतपासणीस उभे केले पाहिजे, असे आमचे मत आहे. आणि त्या तपासणीस जॉन ग्रिफिथ्स यांचे अजिंठ्याच्या चित्रांवरील दोन खंड (१८९६–९७) फार उपयोगी आहेत.

या ग्रंथामागील श्रम मुंबईचे आहेत. सर जमशेटजी जिजीभाई कलाशाळा १८५७ साली निघाली. तेथील विद्यार्थ्यांस बरोबर घेऊन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत लेण्यांतील चित्रांच्या नकला करविल्या. तत्पूर्वी मद्रास फौजेतील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकलांपैकी बहुतेक १८६६ साली लंडननजीक स्फटिकमहालाच्या आगीत भस्म झाल्या. ग्रिफिथ्स यांच्याही बऱ्याच नकला १८८५ साली लंडनमधील साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. उरलेल्या आज तेथीलच व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहेत. नकला करणाऱ्यांत पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे पुढे नामांकित झालेले चित्रकार होते. तत्रापि ग्रंथ ओळखला जातो तो एकट्या ग्रिफिथ्स यांच्या नावाने. पोथीच्या शेवटी लेखकाचे नाव मिळाले तर आम्ही ते जपून टिपून घेतो. तोच मान रेषा उतरविणाऱ्यासही मिळणे न्याय्य होय.

ग्रंथाचा मुख्य गुण असा की, यातील ज्ञान हाताच्या वाटेने आलेले आहे. रंगाचे पोपडे गेलेल्या भिंतीवर बोट कोठे संपते व कमळाचा देठ कोठून सुरू होतो, हे न ठरविताही पाहणाऱ्यास पुढे जाता येते. रेघ ओढणाऱ्यास मात्र त्या जागी थांबून निर्णय करावाच लागतो. अजिंठ्याच्या चित्रकारांची रेषा किती निःशंक होती याविषयी ग्रिफिथ्स यांनी जी प्रशंसा केली, तिला वजन आहे ते याच कारणाने. ज्याने ती रेषा स्वतः ओढून पाहिली, त्यालाच तिची अवघड जागा कळते. शिवाय मूळ भिंतीवरून जे पुढे नाहीसे झाले, त्यातील काहींची साक्ष आज या नकलांखेरीज कोणी देत नाही.

आता दोषांकडे वळू. रंग उठून दिसावेत म्हणून नकला करतेवेळी मूळ चित्रांवर रोगण चढविण्यात आले, व ते पुढे काळवंडले. १९२० नंतर निजाम सरकारास इटालियन तज्ज्ञ आणवून चित्रांच्या जतनाची खटपट करावी लागली, तिच्यात जुने रोगण उतरविणे हेही एक काम होते. नक्कल साधण्यासाठी अस्सलास इजा करणे हा अपराध हस्तलिखितांच्या संग्राहकांस निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. अजिंठ्याची भिंत ही सलग सांगितलेली कथा होय. ग्रंथात तिचे वेचे आले: एक सुंदर मुखवटा, एक आकृती, एक दरबार. तुकडा एकटा पाहिला म्हणजे मन त्याला नवी कथा जोडते. पहिल्या लेण्यातील टोपीवाल्या परदेशी लोकांचा दरबार हे त्याचे ठळक उदाहरण होय. फर्ग्युसन यांनी १८७९ साली त्यात इराणचा दुसरा खुस्रू व चालुक्य दुसरा पुलकेशी यांच्यातील वकिलात पाहिली, आणि ते मत पाठ्यपुस्तकांपर्यंत पोहोचले. परंतु वॉल्टर स्पिंक यांनी या लेण्यांचा काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा उत्तरार्ध असा मांडला आहे. तो ग्राह्य धरल्यास सातव्या शतकातील पुलकेशीस त्या भिंतीवर जागाच उरत नाही. टोपी रेषेने सिद्ध होते. राजाचे नाव सिद्ध होत नाही. उलट डीटर श्लिंगलोफ यांनी रेखाचित्रांच्याच साहाय्याने भिंतीवरील प्रसंग पुन्हा परस्परांशी जुळवून अनेक कथा ओळखून दाखविल्या. तुकड्यांनी झालेला घोटाळा सलग रेखाटनाने सुटू शकतो, हे त्यावरून दिसते.

ही परीक्षा करण्यास अजिंठ्यासच जावे लागते असे नाही. काळाचौकीपासून थोड्या अंतरावर, परळगावच्या बारादेवी मंदिरात, १९३१ साली रस्त्याच्या कामात सापडलेली भव्य शिवशिला आहे. एका उभ्या मूर्तीतून वर व दोहो बाजूंस निघालेल्या मिळून सात मूर्ती, खाली गण, आणि काही भाग अपुरा राहिलेला, असे तिचे स्वरूप आहे. छायाचित्रात झिजलेले व अपुरे राहिलेले सारखेच दिसते. कागदावर उतरविणाऱ्यास मात्र विचारावे लागते की, ही टाकी अर्ध्यात थांबली की काळाने धार खाल्ली? तिचा ठसा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असल्याने दोन्हीकडे ताडून पाहण्याची सोयही आहे.

सबब संग्राहकांस आमची सूचना अशी: जे स्पष्ट दिसले ते अखंड रेषेने, संशयित ते तुटक रेषेने दाखवावे, आणि केवळ तर्काने जाणलेले रेषेत न घालता शब्दांत लिहावे. रेखाटणाराचे नाव, तिथी, उजेड व अंतर यांची नोंद कागदाच्या पाठीवर करावी. पोथ्यांच्या याद्या करताना यंत्रे, कुंडांच्या आकृत्या व समासातील रेखाटने पत्रसंख्येसह नमूद करावीत, आणि नक्कल करविताना ती गाळू नयेत. सुबक प्रत तयार झाली म्हणून कच्चे आराखडे फेकून देण्याची चाल तर सर्वस्वी बंद व्हावी. संशोधक कोठे अडखळला हे त्या खाडाखोडीतच उमटलेले असते, आणि पुढील संशोधकास नेमका तेथूनच आरंभ करावयाचा असतो.