बचावात्मक संघाची रचना : ‘पोकेमॉन’च्या स्पर्धात्मक खेळाचा एक विचार

प्रास्ताविक

संगणकीय खेळांविषयी आपल्याकडे जी चर्चा होते ती बहुधा त्यांच्या परिणामांची असते. मुलांचा वेळ, डोळे आणि अभ्यास यांवर या खेळांचा काय परिणाम होतो, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु एखाद्या खेळाची अंतर्गत रचना कशी आहे, त्या रचनेत कोणत्या शैली संभवतात आणि त्यांपैकी एखादी शैली हीन का ठरवली जाते, हे प्रश्न त्यामुळे मागे पडतात. प्रस्तुत लेखात अशाच एका बदनाम शैलीचा विचार केला आहे. ‘पोकेमॉन’ या जपानी खेळमालिकेच्या स्पर्धात्मक स्वरूपात पूर्णतः बचावावर उभारलेल्या संघाला खेळाडू ‘स्टॉल’ म्हणतात. हा शब्द गौरवाने क्वचितच उच्चारला जातो. असा खेळाडू स्वतः काही करत नाही, केवळ दुसऱ्याला काही करू देत नाही, असा त्याच्यावरील आक्षेप आहे. हा आक्षेप रचनेच्या पातळीवर टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. (असा संघ प्रथम समोर आला तेव्हा लेखकानेही ‘रटाळ’ हाच शब्द वापरला होता, आणि तो सामना हरल्यानंतर वापरला होता, हेही नमूद केले पाहिजे.)

खेळाचे व्याकरण

या मालिकेचे पहिले खेळ ‘गेम फ्रीक’ या संस्थेने तयार केले व ते १९९६ साली जपानमध्ये ‘निन्टेन्डो’च्या गेम बॉय या हातयंत्रासाठी प्रसिद्ध झाले. स्पर्धात्मक खेळात प्रत्येकाजवळ सहा काल्पनिक प्राण्यांचा संघ असतो आणि प्रत्येक प्राण्याला चार चाली असतात. प्रत्येक फेरीत दोन्ही खेळाडू आपला निर्णय एकाच वेळी, परस्परांच्या नकळत घेतात : एक तर चाल करायची, नाही तर मैदानातील प्राणी मागे घेऊन दुसरा आणायचा. बदली सामान्यतः हल्ल्याच्या आधी घडते. त्यामुळे मी अग्निप्रहार निवडला आणि त्याच क्षणी प्रतिस्पर्ध्याने जलप्राणी आणला, तर माझा प्रहार त्या जलप्राण्यावर पडतो आणि निम्म्याने दुबळा होतो. सगळा बचाव या एका नियमावर उभा आहे.

बचाव म्हटला की मराठी वाचकाला गडकोटांची उपमा सहज सुचेल. ती येथे फसवी आहे. गड जागचा हलत नाही. हा संघ मात्र सतत हलत असतो, आणि हलणे हाच त्याचा बचाव असतो. क्रिकेटची उपमा अधिक जवळची, पण तीही एका टप्प्यावर सोडून द्यावी लागते. कसोटी सामन्यात दिवसभर खेळपट्टीवर उभे राहून सामना अनिर्णित राखता येतो आणि त्याला आपण पराक्रम मानतो. पोकेमॉनमध्ये अनिर्णित सामना जवळजवळ नाहीच. म्हणून येथे बचाव करणाऱ्यालाही जिंकावेच लागते. केवळ न हरणारा संघ या खेळात संभवत नाही. बचावात्मक संघ ही जिंकण्याचीच एक योजना असते. आक्षेप घेणारे नेमके हेच विसरतात.

एक अभिजात जोडी

या योजनेचे सर्वांत सुघटित उदाहरण मालिकेच्या तिसऱ्या पिढीत आढळते. ही पिढी २००२ मध्ये ‘रुबी’ व ‘सफायर’ या खेळांनी सुरू झाली. स्कारमोरी हा पोलादी पंखांचा पक्षी आणि ब्लिसी हा अंडे बाळगणारा गुबगुबीत गुलाबी प्राणी, ही ती जोडी. दोघेही दुसऱ्या पिढीतले; पण त्यांची संगती पूर्णत्वाला गेली ती येथे. खेळातील हल्ले शारीरिक आणि विशेष अशा दोन वर्गांत मोडतात आणि त्यांना रोखणारे गुणही वेगळे असतात. तिसऱ्या पिढीपर्यंत हा वर्ग हल्ल्याच्या प्रकारावरून ठरे : अग्नी, जल, विद्युत हे सर्व विशेष, लढाऊ, भूमी, पाषाण हे सर्व शारीरिक. स्कारमोरीचा शारीरिक बचावाचा मूळ अंक १४०. पोलाद आणि उड्डाण या दुहेरी प्रकारामुळे त्याच्या उणिवा दोनच, अग्नी आणि विद्युत, आणि त्या दोन्ही विशेष वर्गातल्या. विशेष हल्ले झेलण्यात ब्लिसीची बरोबरी करणारे फार थोडे. ब्लिसीची एकमेव उणीव लढाऊ प्रकार. तो शारीरिक वर्गातला, आणि स्कारमोरीवर त्याचा कोणताही वाढीव परिणाम होत नाही. एकाची उणीव संपते तेथे दुसऱ्याचे बळ सुरू होते. रचनाकारांनी हे योजून केले की ते आपसूक घडले, हा प्रश्न येथे गौण आहे. नियमांच्या जंगलातून ही जोडी शोधून काढणे हे खेळाडूंचे वाचन होते.

वाचन हा शब्द येथे जाणीवपूर्वक वापरला आहे. ब्लिसीच्या घडणीत त्याचा चांगला प्रत्यय येतो. तिसऱ्या पिढीपासून प्रत्येक प्राण्याला एकूण ५१० प्रशिक्षणगुण देता येतात, आणि एका अंगाला त्यांपैकी २५२ पर्यंत उपयोगी पडतात. नवखा खेळाडू म्हणतो, ब्लिसीचा मूळ जीवनांक २५५ इतका प्रचंड आहे, तर तोच आणखी वाढवावा. शंभराव्या स्तरावर गणित केले तर काय दिसते? जीवनांक ६५१ वरून ७१४ होतो, म्हणजे एक दशांशही वाढ नाही. तेच गुण शारीरिक बचावाला दिले आणि त्याला अनुकूल स्वभाव निवडला, तर ५६ चा अंक १३० होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. ब्लिसीचा हा मूळ अंक अवघा १० आहे. जेथे ती सर्वांत दुबळी आहे तेथेच गुंतवणूक सर्वाधिक फलदायी ठरते. बलस्थान आणखी बळकट करावे, या आपल्या सहजबुद्धीला हे गणित छेद देते.

पेच

परंतु झेलणे म्हणजे जिंकणे नव्हे. प्रतिस्पर्ध्याचा जीवनांक शून्यावर कसा आणायचा? येथे दोन चालींचा संयोग येतो. ‘टॉक्सिक’ ही विषाची चाल पहिल्या फेरीला जीवनांकाचा १/१६ भाग घेते, दुसऱ्या फेरीला २/१६, तिसऱ्या फेरीला ३/१६. अशा पाच फेऱ्यांत १५/१६ भाग जातो. प्राणी मागे घेतला तर ही चढती मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे विषावर उतारा बदलीचा. आता दुसरी चाल, ‘स्पाइक्स’. स्कारमोरी प्रतिपक्षाच्या जमिनीवर काटे पसरतो. तिसऱ्या पिढीत त्यांचे तीन थर टाकता येतात आणि तीन थर पडल्यावर मैदानात येणाऱ्या प्राण्याचा चौथा भाग जीवनांक प्रत्येक प्रवेशाला जातो. थांबावे तर विष चढते, जावे तर येणाऱ्याच्या पायात काटे. त्यातच स्कारमोरी ‘व्हर्लविंड’ने प्रतिपक्षाचा प्राणी उडवून दुसरा प्राणी सक्तीने मैदानात आणू शकतो.

या पेचात बचाव करणारा फार थोडा प्रहार करतो. प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक निर्णयच त्याच्यावर प्रहार होतो. ‘तो काहीच करत नाही’ या आक्षेपाचे मूळ येथे आहे, आणि त्यातली चूकही येथेच आहे. काही न करण्याचा हा आभास अनेक फेऱ्यांपूर्वी केलेल्या, आणि त्याहूनही आधी संघबांधणीच्या वेळी केलेल्या कृतींचा परिणाम असतो.

अर्थात पेचाला गळती आहे. पोलादी व विषारी प्राण्यांना विष चढत नाही. उडणाऱ्यांना व तरंगणाऱ्यांना काटे लागत नाहीत. दोन्हींतून सुटणारे मोजकेच : उदाहरणार्थ गेन्गार, वीझिंग, आणि प्रतिपक्षाचा स्कारमोरी. दोन्ही बाजूंना स्कारमोरी असेल तर खेळ खरोखरच रखडतो. यावर खेळाडूंनी शोधलेला तोडगा म्हणजे मॅग्नेटॉन हा चुंबकीय प्राणी. तो पोलादी प्राण्याला मैदान सोडू देत नाही आणि विजेने त्याचा निकाल लावतो. हाच मॅग्नेटॉन उलट बाजूने आला तर आपली जोडी फुटते. याखेरीज ‘रॅपिड स्पिन’ या चालीने काटे झाडले जातात. ती सामान्य प्रकारातली असल्याने भूतप्राण्यावर चालत नाही, म्हणून काटे राखायला संघात एखादे भूत हवे. संघातील उरलेल्या चार जागा अशा भरत जातात. प्रत्येक जण आधीच्याची एखादी उणीव झाकतो आणि स्वतःची नवी उणीव घेऊन येतो. सहावी जागा भरल्यावरही एक तरी भोक उरते. ते कोठे ठेवायचे हे ठरवणे म्हणजेच संघबांधणी. सर्व धोक्यांना उत्तर देऊ पाहणारा संघ कशालाच पुरेसे उत्तर देत नाही.

काळ आणि दैव

रॉजे कायवा या फ्रेंच विचारवंताने १९५८ च्या आपल्या ग्रंथात खेळांची जी विभागणी केली तीत स्पर्धा आणि दैव ही दोन स्वतंत्र तत्त्वे आहेत. बचावात्मक खेळ दैवाचा वाटा कमी करतो, असा एक समज आहे. प्रस्तुत लेखकाला तो मान्य नाही. तिसऱ्या पिढीत सामान्य हल्ला १६ पैकी एकदा दुप्पट प्रभावी ठरतो. असे सोळा हल्ले झेलले तर त्यांत किमान एक दुप्पट प्रहार बसण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. आक्रमक खेळाडूचा सामना लवकर आटोपतो, त्यामुळे दैवाला संधी कमी मिळते. बचाव करणारा सामना लांबवतो आणि दैवाला पुन्हा पुन्हा बोलावतो. काळ त्याचे शस्त्र आहे तसा त्याचा शत्रूही आहे. म्हणून चांगल्या बचावात्मक संघात एखादा प्राणी अनपेक्षितपणे गेला तरी त्याचे काम काही काळ दुसरा करू शकेल, अशी तजवीज असते. निकृष्ट संघ ओळखायचा तो येथे : त्यात सगळे भार एकाच खांबावर असतात.

नियम बदलतात तेव्हा

ही शैली स्थिर राहिलेली नाही. २००६ च्या ‘डायमंड’ व ‘पर्ल’मध्ये शारीरिक आणि विशेष हा भेद प्रकारावरून न ठरता प्रत्येक चालीगणिक ठरू लागला आणि वर वर्णिलेली संगती सैल झाली. त्याच वेळी आलेली ‘स्टेल्थ रॉक’ ही चाल उडणाऱ्यांनाही लागते. प्राण्याच्या प्रकारानुसार ती प्रवेशालाच १/३२ पासून निम्म्यापर्यंत जीवनांक घेते. २०१० च्या पाचव्या पिढीत ‘एव्हिओलाइट’ ही वस्तू आली. तिने पूर्ण विकास न झालेल्या प्राण्याचे दोन्ही बचाव दीडपट होतात. परिणामी ब्लिसीचे पूर्वरूप असलेली चॅन्सी ब्लिसीहून कणखर ठरली : शारीरिक बचाव १७८ आणि जीवनांक ७०४ पर्यंत. मग २०१३ मध्ये ‘नॉक ऑफ’ या वस्तू हिसकावणाऱ्या चालीचे बळ २० वरून ६५ झाले आणि त्या कणखरपणाला सतत धोका निर्माण झाला.

सर्वांत मोठा आघात २०२२ च्या ‘स्कार्लेट’ व ‘व्हायोलेट’मध्ये झाला, आणि तो दिसायला अगदी किरकोळ आहे. प्रत्येक चाल एका सामन्यात ठरावीक वेळाच वापरता येते. ‘रिकव्हर’सारख्या निम्मा जीवनांक परत देणाऱ्या चाली पूर्वी कमाल १६ वेळा वापरता येत, आता त्या आठच वेळा वापरता येतात. ‘हायड्रो पंप’ वा ‘फायर ब्लास्ट’ यांसारखे जबर हल्लेही कमाल आठच वेळा करता येतात. पूर्वी एका हल्ल्यामागे दोन उपचार अशी शिल्लक होती. बचाव करणारा प्रतिस्पर्ध्याचे हल्ले संपण्याची वाट पाहू शकत असे. आता हिशेब बरोबरीचा आहे, आणि दैवाचा एक फटका बसला की तो तुटीचा होतो. कंटाळवाणे सामने कमी व्हावेत यासाठी हा बदल होता असे मानले, तरी त्याने कंटाळ्यासोबत एक विशिष्ट प्रकारची बुद्धीही आखडली. चाळीस फेऱ्यांपुढचा हिशेब मनात धरून पहिली फेरी खेळण्याची ती बुद्धी होती.

अधिकृत जागतिक स्पर्धांत ही शैली अन्य कारणाने दुर्बल ठरते. तेथे सामने दुहेरी असतात : सहांतून चार निवडायचे आणि दोन-दोन एकाच वेळी मैदानात. दोन्ही प्रतिस्पर्धी मिळून एकावर तुटून पडले तर संथ बचावाला श्वास उरत नाही. तेथे बचावाला वेगळे रूप घ्यावे लागते. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत विजेता ठरलेला कोरियाचा से-जुन पार्क याने पाचिरिसू ही खारीसारखी चिमुकली संघात घेतली होती. आकडे पाहिले तर ती कोणी निवडणार नाही. तिचे काम ‘फॉलो मी’ या चालीने शत्रूचे हल्ले स्वतःवर ओढून घेणे आणि शेजारच्या बलवान जोडीदाराला मोकळीक देणे हे होते. स्कारमोरी–ब्लिसीच्या जोडीत बचाव काळात पसरलेला असतो. पाचिरिसूत तो एका क्षणात गोळा होतो.

उरतो तो एक आक्षेप, आणि तो रचनेचा नव्हे, सौजन्याचा आहे. शंभर-दीडशे फेऱ्या चालणारा सामना दोघांचा वेळ घेतो, पण तो वेळ खर्च करण्याचे ठरवलेले असते एकानेच. या आक्षेपाला प्रस्तुत लेखकाजवळ पुरते उत्तर नाही. एवढे मात्र निदर्शनास आणावेसे वाटते की, बचावात्मक संघापुढे हरणारा आक्रमक खेळाडू बहुधा पंचविसाव्या फेरीपर्यंत हरलेला असतो. पुढच्या शंभर फेऱ्या तो सामना न सोडल्यामुळे होतात. आपण नेमके कोणत्या फेरीत हरलो हे त्याला त्या वेळी दिसत नाही. आक्रमकाच्या संघापुढे ते पहिल्याच मोठ्या प्रहारात दिसते.