‘कासव’, ‘गाभ्रीचा पाऊस’ आणि नैराश्याचे कारण

मनाच्या आजाराविषयी वर्गात बोलायचे म्हटले की शिक्षकांपुढे पहिली अडचण येते ती साधनांची. पाठ्यपुस्तकात ताणतणावावर चार ओळी असतात आणि त्यांचा शेवट बहुधा ‘सकारात्मक विचार करावा’ असा होतो. अशा वेळी चित्रपटाचा आधार घ्यावासा वाटतो. मराठीत या कामाचे दोन चित्रपट आहेत. सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या भीतीभोवती फिरतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ तर थेट नैराश्यावरच आहे. त्याला २०१६ सालचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्ही चित्रपट चांगले आहेत, हे आधीच सांगतो. आमची तक्रार वेगळी आहे. नैराश्य का येते, या प्रश्नाला दोन्ही चित्रपट जी उत्तरे सुचवतात ती अपुरी आहेत, आणि दोन्हींत एकच माणूस नजरेतून सुटतो.

हे चित्रपट आम्ही अणदूर डोळ्यांपुढे ठेवून पाहिले. अणदूर हे तुळजापूर तालुक्यात, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गजवळचे गाव. ज्या जिल्ह्यात ते आहे तो आता धाराशिव म्हणून ओळखला जातो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने या जिल्ह्याचा पूर्व भाग उद्ध्वस्त केला. पुढे २०१५ मध्ये शेतकरी-आत्महत्या रोखण्यासाठी सरकारने ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केले ते यवतमाळात आणि याच जिल्ह्यात. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, अणदूरच्याच हॅलो मेडिकल फाउंडेशनने खेड्यातल्या, फारसे न शिकलेल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. म्हणजे जोखीम आणि तिच्यावरचा एक उपाय, दोन्ही या मातीत आहेत. इथल्या दहावीच्या मुलामुलींना या चित्रपटांतून काय कळेल?

‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये शेजारच्या शेतकऱ्याने आत्महत्या केल्यावर अलका धास्तावते. आपला नवरा किस्नाही तसे काही करील म्हणून ती लहानग्या दिनूला त्याच्या मागावर ठेवते आणि घरात त्याचे मन राखायला धडपडते. किस्नाला हा पहारा जाच वाटतो, तो चिडतो. आपण हसतो आणि हसताना घशाशी काहीतरी अडकते. इथे कारण उघड्यावर पडलेले आहे: पाऊस नाही, पेरणी वाया गेली, पैसा नाही. प्रेक्षक म्हणतो, अशा माणसाला नैराश्य येणारच.

‘येणारच’ या शब्दापाशी आपण थांबायला हवे. त्याच गावात, त्याच पावसाने बुडवलेले बाकीचे शेतकरी आहेत. त्यांतल्या बहुतेकांना नैराश्याचा आजार होत नाही. आणि घरात काही कमी नसलेल्याला तो होतो. ‘कासव’मधला तरुण तसा आहे. जीव द्यायला निघालेला हा मुलगा जानकीला वाटेत आजारी अवस्थेत सापडतो आणि ती त्याला कोकणातल्या समुद्रकाठच्या घरी आणते. त्याचे दुःख नेमके कशाचे, हे चित्रपट शेवटपर्यंत ठासून सांगत नाही. हा त्याचा फार मोठा गुण आहे, असे आम्हाला वाटते. कारण मागितल्याशिवाय आजार मान्य करायचा, हे आपल्याला सहसा जमत नाही.

दुष्काळ हे नैराश्याचे कारण नाही, तो जोखीम वाढवणारा घटक आहे. फरक शब्दांचा नाही. कारण म्हटले की एक दोरी ओढली आणि घंटा वाजली, असे चित्र उभे राहते. जोखमीचे घटक एकमेकांवर रचत जातात. आनुवंशिकतेचेच घ्या. जुळ्यांच्या अभ्यासांवरून असे दिसते की नैराश्य कुणाला होते आणि कुणाला नाही यातल्या फरकाचा सुमारे ३७ टक्के भाग आनुवंशिक असतो. याचा अर्थ एका माणसाचे नैराश्य ३७ टक्के आईबापांकडून आले असा मुळीच नाही. हा आकडा समूहातल्या फरकाविषयी बोलतो. उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणाऱ्या द्विध्रुवी विकारात हा वाटा पुष्कळच मोठा असतो. ‘मेंदूतले एक रसायन कमी झाले’ हे सोपे स्पष्टीकरणही आता टिकत नाही. औषधे अनेकांना उपयोगी पडतात हे खरे, पण तापावर गोळी लागू पडली म्हणून गोळीची कमतरता हे तापाचे कारण ठरत नाही.

रचना कशी असते हे ब्राऊन आणि हॅरिस यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुंदर दिसते. लंडनच्या कँबरवेल भागातल्या स्त्रियांमध्ये त्यांनी विचारले: मोठा आघात अनेकींवर येतो, मग कोसळते कोण? उत्तरात चार गोष्टी पुढे आल्या. लहानपणीच आई गेलेली, घरात तीन किंवा अधिक लहान मुले, घराबाहेर काम नाही, आणि मनातले सांगावे असे जवळचे माणूस नाही. आघात ठिणगी टाकतो. वाळलेले गवत आधीपासून असते. त्या यादीतल्या तीन गोष्टी घराच्या चार भिंतींतल्या आहेत, हे ध्यानात घ्या.

आता पुन्हा अलकाकडे वळू. चित्रपटभर ती जागी आहे, भेदरलेली आहे, कुणाला काही बोलू शकत नाही. तिचे काय? जगभर नैराश्याचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत जवळजवळ दुप्पट आढळते. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी बाळंतिणींचा अभ्यास केला आणि तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होते. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि मुलगी जन्माला येणे, यांनी जोखीम वाढलेली दिसली. तिसरा घटक पुन्हा वाचा. बाळाच्या लिंगात आईला आजारी पाडील असे काही नसते. असते ते सभोवतालच्यांच्या चेहऱ्यांत. किल्लारीच्या भूकंपानंतर थोड्याच काळात वाचलेल्यांची एक छोटी पाहणी झाली. तिच्यातही निम्म्याहून अधिक लोकांत मानसिक विकार आढळले आणि स्त्रियांचे प्रमाण जास्त होते.

तरीही आपल्या गोष्टींत नैराश्य पुरुषाला येते आणि बाई त्याची राखण करते. ‘कासव’ या बाबतीत पुष्कळ पुढे आहे, कारण इरावती हर्षे यांनी उभी केलेली जानकी स्वतः या आजारातून गेलेली आहे. पण तिथेही तिचा आजार पूर्वपीठिका होतो आणि पडद्यावर उरते ती शुश्रूषा करणारी बाई. सरकारी कागदांवरही हेच घडले. शेतकऱ्याच्या आत्महत्येची नोंद करताना जमीन कुणाच्या नावावर, कर्ज कुणाच्या नावावर, हे विचारले जाते. सातबारावर नाव नसलेल्या बाईचे दुःख त्या रकान्यांत बसतच नाही.

बाई दवाखान्यात येते ती ‘मला नैराश्य आलंय’ म्हणत येत नाही. डोकं जड झालंय, हातापायाला मुंग्या येतात, जीव घाबरतो, काही करू वाटंना, असे ती सांगते. निदानाची कसोटी फार गूढ नाही. सलग दोन आठवडे, बहुतेक सर्व वेळ, मन उदास असणे किंवा कशातच गोडी न वाटणे. त्यासोबत झोप, भूक, थकवा, एकाग्रता, अपराधीपणा, मरणाचे विचार, अशा लक्षणांतली काही. शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: किशोरवयात उदासीऐवजी चिडचिडच पुढे दिसू शकते. ‘उद्धट झालाय’ असा शेरा मारण्यापूर्वी हे आठवावे.

उपचारांच्या बाबतीत ‘कासव’शी आमचे अर्धेच जमते. जानकी प्रश्न विचारत नाही, उपदेश करत नाही, मुलाला हळूहळू माणसांत आणि कामांत ओढते. हे शास्त्राला धरून आहे. पण समुद्राकाठचे घर, मोटार, चालक यदू आणि अमाप मोकळा वेळ हे सारे पाहून अणदूरचा प्रेक्षक म्हणेल, हे आपल्यासाठी नव्हे. त्याला तसे वाटू देणे हा या देखण्या चित्रपटाचा दोष आहे, कारण ते खरे नाही. गोव्यातच, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मोजक्या बैठका दिल्या. रोजची सुटलेली कामे एकेक करून पुन्हा धरायला लावायची, हा त्यांचा गाभा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती. केवळ नेहमीची, थोडी सुधारलेली देखभाल मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत चाललेल्या ‘विश्राम’ प्रकल्पात गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांमुळे नैराश्याच्या रुग्णांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ना समुद्र, ना मोटार. भारतवैद्य बाईला ताप आणि जुलाब ओळखता येतात, तर हेही शिकता येईल. २०१५ पासून ‘प्रेरणा’ प्रकल्पात आशाताईंनी घरोघरी जाऊन नैराश्याचे प्रश्न विचारले, ते याच विश्वासावर. मात्र घरी कोणाला प्रश्न विचारायचे, हे ठरवताना कर्ज असलेला कर्ता पुरुष एवढेच डोळ्यांपुढे असेल, तर चुलीपाशी बसलेली व्यक्ती पुन्हा सुटेल.

मोजमापाचीही उणीव आहे. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले. त्यात महाराष्ट्र नव्हता. त्या सर्वेक्षणात नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांना उपचार मिळत नसल्याचे दिसले. आपल्याकडचा आकडा याहून चांगला असेल असे मानायला आम्हाला आधार सापडत नाही.

हे चित्रपट वर्गात दाखवायचे तर नववीच्या पुढे, आणि आधी ‘गाभ्रीचा पाऊस’. तो संपल्यावर किस्नाविषयी मुले आपणहून बोलतील. मग विचारावे: अलकाला झोप लागत असेल का? तिने मनातले कुणाला सांगितले? शेजारच्या घरात मागे राहिलेल्या बाईला कोण भेटायला गेले? उत्तरे देताना एखादे मूल गप्प होईल, एखादे स्वतःच्या घराबद्दल बोलू लागेल. त्याला वर्गापुढे बोलते करू नये, तास संपल्यावर भेटावे, आणि मरणाचे विचार येतात का हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. फळ्याच्या कोपऱ्यात ‘टेलिमानस’ या मोफत सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून ठेवावा. तिथे मराठीत बोलता येते. तास संपल्यावर फळा पुसताना तेवढा आकडा राहू द्यावा.