‘शेजारी’ आणि ‘प्रभात’चे भागीदार

१९४१ साली पडद्यावर आलेल्या ‘शेजारी’ या बोलपटाची स्तुती सामान्यतः एकाच अंगाने होते. हिंदू पाटील आणि मुसलमान मिर्झा यांच्या जिवलग स्नेहाचे ते चित्र आहे, आणि त्या काळाच्या वातावरणात ते काढण्यास धैर्य लागत होते, हे सर्वांस मान्य आहे. आमचेही त्याविषयी दुमत नाही. तथापि हे चित्र दोन समाजांचे असण्यापूर्वी दोन जोडीदारांचे आहे, आणि त्या दृष्टीने पाहू गेल्यास त्यात एक मोठी उणीव दिसते.

केशवराव दाते यांचा पाटील आणि गजानन जागीरदार यांचा मिर्झा ही दोन वयस्क माणसे एकमेकांवाचून अपुरी वाटतात, हे या दोन नटांचे यश होय. त्यांच्यात फूट पडते ती धरण बांधू पाहणाऱ्या धनिक ठेकेदाराच्या कारस्थानामुळे. गावची एकी मोडावयाची तर आधी हा स्नेह मोडला पाहिजे, हे तो ओळखतो. शेवटी फुटणाऱ्या धरणावर दोघे मित्र एकत्र मरण पत्करतात आणि प्रेक्षक डोळे पुसत घरी जातो. त्याला राग येतो तो ठेकेदाराचा. पाटील आणि मिर्झा यांच्या स्वतःच्या मनात आधीपासून काही साचले होते काय, हा प्रश्न पटकथा विचारीतच नाही. कली नेहमी बाहेरून शिरतो, अशी तिची श्रद्धा आहे.

ज्या कलागृहात हा बोलपट तयार झाला तेथली हकीकत निराळी होती. १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ काढणारे पाचही जण भागीदार होते. विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम हे चौघे बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले. पाचवे सीतारामपंत कुलकर्णी भांडवल घेऊन आले. म्हणजे जन्मतःच ही संस्था एका गुरुगृहातून फुटून निघालेली होती. १९३३ साली पुण्यास आल्यावर तिचा लौकिक देशभर झाला. धायबर काही वर्षांतच बाहेर पडले. ‘शेजारी’ पूर्ण करून शांताराम १९४२ साली निघाले आणि त्यांनी मुंबईस ‘राजकमल’ उभारले. या फुटींच्या कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. खाजगी गोष्टी उकरण्याची आम्हांस हौस नाही.

मात्र एक गोष्ट उघड्यावरची आहे. भांडवल आणि नफा यांची वाटणी कागदावर करता येते. नावलौकिकाची कोणी केली आहे? ध्वनी सांभाळणारे दामले, नेपथ्य रचणारे फत्तेलाल, छायाचित्रण करणारे धायबर यांच्या श्रमांवर बोलपट उभा राही, आणि लोकांच्या तोंडी नाव राही दिग्दर्शकाचे. पुढे दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. व्हेनिसच्या महोत्सवातही त्याचा गौरव झाला आणि एका घरात यशाची दोन केंद्रे झाली. येथून कुरबुरीस जागा मिळाली असावी, असा आमचा तर्क आहे. त्यासाठी ठेकेदाराची गरज नव्हती.

देवस्थानांशी संबंध असलेल्या आमच्या वाचकांस हे नवे वाटू नये. महाजनांत हिशेबाचे वाद निवळतात. पालखीपुढे आधी कोणी उभे राहावयाचे आणि प्रसादाचा पहिला नारळ कोणाचा, हे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात. म्हणूनच जाणत्यांनी पाळ्या बांधून दिल्या, मानाचा क्रम ठरवून दिला. स्नेहावर विसंबून ते काम त्यांनी सोडले नाही. ‘प्रभात’पाशी कॅमेरे होते, शिस्त होती; मानाच्या पाळीची सोय कोठे दिसत नाही.

आणि तरीही त्याच घरात दामले आणि फत्तेलाल होते. एक ब्राह्मण, दुसरा मुसलमान. पेंटरांच्या हाताखाली जमलेली ही जोडी शेवटपर्यंत फुटली नाही. ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) वरही दोघांची नावे बरोबरच आली. एकाचे नाव घेताना दुसऱ्याचे आपसूक ओठांवर यावे, इतकी ती एकजीव झाली होती. पाटील आणि मिर्झा यांचे प्रतिरूप दिग्दर्शकाच्या डोळ्यांपुढे रोज वावरत होते. ते तसे का टिकले, कोण केव्हा माघार घेई, रुसवा कसा निघे, याचा शोध घेणारा बोलपट ‘शेजारी’हून कितीतरी खोल गेला असता. विश्राम बेडेकरांच्या लेखणीस ते अशक्य नव्हते. त्याऐवजी धरण फुटले. दृश्य भव्य झाले, आजही पाहताना अंगावर काटा येतो, पण दोन मित्रांना एकमेकांची क्षमा मागण्याचे काम त्या पाण्याने परस्पर उरकून टाकले.

शांताराम गेल्यानंतर तीन वर्षांनी, १९४५ साली, दामले वारले. फत्तेलाल मागे राहिले.